घरच्या सुतारकामात वेळ नेमका जातो कुठे? छोट्या कार्यशाळेसाठी कामाच्या युक्त्या

आडवी_करवत

रविवारचे चार तास हाताशी असतात आणि संध्याकाळी दोनच तुकडे तयार होतात, ही तक्रार या चर्चेच्या पानावर वारंवार येते. त्यावर लगेच नवीन यंत्राची यादी सुरू होते. माझं मत वेगळं आहे. प्रत्यक्ष कापायला आणि रंधा मारायला फार वेळ लागतच नाही. वेळ जातो तो दोन कापांच्या मध्ये. पेन्सिल कुठे ठेवली, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) कुठे गेला, पातं पुन्हा सरळ करा, वायर ओढा, आणि शेवटी २ मिमी आखूड निघालेला तुकडा परत करा. ही गळती थांबली की आहे त्याच हत्यारांत काम जवळपास दुप्पट होतं.

सगळ्यात मोठा फरक कामाच्या क्रमाने पडतो. पुस्तकांचं कपाट करताना एक फळी मोजली, कापली, घासली, मग दुसरी घेतली, असं करू नका. आधी सगळ्या उभ्या चिरण्या, मग सगळे आडवे काप, मग सगळ्या खाचा, मग सगळी भोकं. यंत्र एकदा लावलं की त्या मापाचं घरातलं सगळं काम उरकूनच ते हलवायचं. एखादा तुकडा खराब होईल असं वाटत असेल तर त्याच सेटिंगवर एक जास्तीचा काढून ठेवा. नंतर तेच सेटिंग पुन्हा तंतोतंत मिळणं फार अवघड.

सारख्या लांबीचे तुकडे टेपने एकेक मोजायचे नाहीत. ठोकळा लावायचा. करवतीच्या आडव्या फेन्सला (लाकूड टेकवायच्या पट्टीला) एक लाकडी ठोकळा क्लॅम्प करा, पहिला तुकडा तपासा, बाकीचे नुसते टेकवून कापा. ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्याला ३ मिमीचा तिरपा छाट मारायला विसरू नका. तो नसेल तर भुसा ठोकळ्याशी साचतो आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा थोडा आखूड होत जातो. चौकट गुण्यात का येत नाही याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

एका कामाला एकच टेप वापरा. टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो तो दोष नव्हे. अडकवून आणि टेकवून मोजताना हुकाच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. पण पडून वाकलेला हूक मात्र चुकीचंच माप देतो. कपाटासारख्या कामाला तर मी आकडे टाळायला सांगेन. ३० × १० मिमीची एक सरळ पट्टी घ्या, तिच्यावर फळ्यांच्या जागा, जाडी, खाचा सगळं एकदाच आखा आणि ती पट्टीच प्रत्येक बाजूला लावून खुणा उतरवा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या खुणा मग आपोआप जुळतात.

बाकीच्यांनी आपापल्या सवयी लिहाव्यात.

पेठेतला_गुण्या

क्रमाशी सहमत. मात्र गडबड त्याच्याही आधी, कापण्याच्या यादीतच होते. ८ × ४ चं प्लाय म्हणजे २४४० × १२२० मिमी. त्यातून ३०५ मिमीच्या चार पट्ट्या बसतात असं कागदावर दिसतं, पण पातं प्रत्येक कापात लाकूड खातं. ३ मिमीच्या पात्याचे तीन काप म्हणजे ९ मिमी गेले. शेवटची पट्टी २९६ची निघते आणि मग ती "मागे वापरू" म्हणून बाजूला पडते. ३०० धरलं असतं तर १२०० अधिक ९, वर ११ मिमी कडा साफ करायला उरले असते. यादीत प्रत्येक कापाला पात्याची जाडी लिहायचीच.

प्लाय घरी आलं की आधी कर्ण मोजा. पूर्ण गुण्यात असलेल्या शीटचा कर्ण २७२८ मिमी भरतो. दोन कर्णांत ३ मिमीचा फरक दिसला तरी कारखान्यातली कड गुण्यात आहे असं मानू नका, एक कड स्वतः सरळ करून तिथूनच सगळी मापं घ्या. शिवाय १८ मिमी म्हणून घेतलेलं प्लाय बरेचदा १७च्या आसपास भरतं. खाच १८ची पाडली तर फळी खुळखुळते. खाचेचं माप आकड्यावरून नको, त्याच शीटचा तुकडा टेकवून घ्या. बाथरूमच्या किंवा ओट्याच्या जवळचं काम असेल तर आयएस ७१० छापलेलं मरीन प्लाय घ्या. कोरड्या खोलीतल्या कपाटाला आयएस ३०३ पुरतं.

लाकडाबद्दल: पुण्यातल्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जाताना घनफुटाचा हिशेब स्वतः करून जा. इंच × इंच × फूट, भागिले १४४. ४ × २ इंचाचा ७ फुटी तुकडा ५६ भागिले १४४, म्हणजे ०.३९ घनफूट. तयार जाडी २० मिमी हवी असेल तर किमान १ इंचाचं, म्हणजे २५ मिमीचं माप घ्यावं लागतं, कारण दोन्ही बाजू साफ करण्यात ४-५ मिमी जातात. जाड ओंडक्याची उभी चिराई तिथल्या सॉ मिलवरच करून आणा. घरच्या छोट्या करवतीवर ४ इंच खोल सागवान चिरण्यात दिवस जातो, पातं तापतं आणि काप वाकडा निघतो तो वेगळाच.

बाल्कनी_बेंच

वाचतेय. फ्लॅटमधली १० × ८ फुटांची खोली आहे, कोथरूडला. टेबल सॉला जागा नाही. ८ × ४चं शीट खोलीत फिरतसुद्धा नाही. आणि खाली शेजारी राहतात, आवाजावरून वाद नको आहेत. अशा जागेत काय बसवावं आणि काय टाळावं?

आडवी_करवत

ताई, एवढ्या जागेत टेबल सॉ घेऊच नका. शीटला पात्याच्या आधी २.४ मीटर आणि नंतर पुन्हा तेवढीच जागा लागते. हातातली सर्क्युलर सॉ आणि घरी केलेली मार्गपट्टी यांवर प्लायचं सगळं काम होतं.

मार्गपट्टी अशी करा. ६ मिमी प्लायची ३०० मिमी रुंद, शीटच्या लांबीपेक्षा थोडी मोठी पट्टी घ्या. तिच्यावर एका बाजूला १२ मिमी प्लायची ७५ मिमी रुंद पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने बसवा. या वरच्या पट्टीची कारखान्यातली सरळ कड आतल्या बाजूला, म्हणजे मशीन जिथे फिरणार तिकडे, ठेवा. सरस वाळला की मशीनचा तळ त्या कडेला टेकवून एकदा चालवा. खालची ६ मिमीची पट्टी पातं जिथून जातं तिथेच कापली जाईल. आता ती कड म्हणजेच कापाची रेघ. रेघेवर कड ठेवा, दोन क्लॅम्प मारा, चालवा. मोजायचं काही उरत नाही. पातं किंवा मशीन बदललं तर ही कड खोटी ठरते, तेव्हा पट्टीवर मशीनचं नाव आणि पात्याचे दात लिहून ठेवा.

शीट जमिनीवर ५० मिमी जाडीच्या एक्सपीएस फोमवर (घट्ट, दाणे न सुटणाऱ्या फोमवर) ठेवा आणि पात्याची खोली शीट व मार्गपट्टीची ६ मिमी जाडी मिळून होते त्यापेक्षा ५ मिमी जास्त ठेवा. फोम थोडा कापला जातो, पण दोन्ही तुकडे पूर्ण आधारावर राहतात, पातं आवळलं जात नाही. पांढऱ्या थर्माकोलचे दाणे घरभर होतात, म्हणून तो नको. पार्किंगमध्ये परवानगी मिळाली तर शीट तिथेच मोठ्या तुकड्यांत करा आणि वर फक्त खोलीत मावणारे तुकडे न्या.

चांगली बाजू खाली. सर्क्युलर सॉचे दात खालून वर कापतात, म्हणून चिरफळ्या वरच्या बाजूला उडतात. टेबल सॉवर आणि हातकरवतीवर याच्या उलट, चांगली बाजू वर. ७¼ इंची पात्याला प्लायसाठी ४० दात हवेत. २४ दातांचं पातं लांब चिराईसाठी, त्याने सनमायका तुटतो.

पटाशी_पंचवीस

मार्बल कटरला लाकडाचं ४ इंची पातं लावून काम करणारे पुष्कळ आहेत. त्याचा वेग मिनिटाला १२-१३ हजार फेऱ्यांच्या घरात असतो. पात्यावर छापलेली कमाल मर्यादा त्याहून जास्त आहे ना, ते बघितल्याशिवाय लावू नका. अँगल ग्राइंडरला करवतीचं पातं तर कधीच नको. झटका बसला की ते आवरत नाही.

आवाजाबद्दल: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सर्क्युलर सॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९०च्या पुढे सहज जातो. म्हणून यंत्राचं काम एका सलग तासात गोळा करा, शेजाऱ्यांना आधी सांगा आणि दुपारची झोपेची वेळ टाळा. आखणी, पटाशी, रंधा, जोड बसवणं ही कामं बाकीच्या वेळेला. मोगरीचे (लाकडी हातोड्याचे) ठोके खाली ऐकू जातात ते बेंचच्या पायांतून. पायांखाली जाड रबर मॅटचे तुकडे ठेवा आणि ठोकायचं काम बेंचच्या मधोमध न करता पायाच्या बरोबर वर करा. आवाज कमी होतो आणि बेंच हादरत नसल्यामुळे ठोका वायाही जात नाही.

आता धार. या धाग्यावर ती अजून आली नाही याचं नवल वाटतं, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात जास्त वेळ बोथट हत्यारच खातं. सागवानात सिलिका असते, धार देवदारापेक्षा फार लवकर जाते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती रेघेबाहेर सरकते, आणि मग कुसू (जोडाची जीभ) सालीत (तिच्यासाठी पाडलेल्या खाचेत) ढिला बसतो.

धार लावायची जागा कायमची मांडलेली हवी. दगड काढा, पाणी आणा, फडकं शोधा, यात दहा मिनिटं जाणार असतील तर माणूस धार लावणं पुढे ढकलतोच. मांडलेली असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. नवीन पटाशीची पाठ आधी पूर्ण सपाट करा, निदान टोकापासूनचा इंचभर भाग आरशासारखा झाला पाहिजे. हे एकदाच करावं लागतं. मुख्य उतार २५ अंशांचा आणि टोकाशी बारीकसा ३० अंशांचा. १००० नंबरच्या दगडावर पाठीमागे काठ (घासताना पाठीकडे वळणारी धातूची बारीक किनार) बोटाला खरखरीत लागेपर्यंत घासा, संपूर्ण रुंदीभर लागला पाहिजे. मग ६००० वर दहा-पंधरा हात, पाठ सपाट ठेवून काठ काढा, शेवटी चामड्यावर हिरवी पेस्ट लावून ओढा. काठ आलाच नाही तर टोकापर्यंत घासलं गेलेलं नाही. पुढच्या दगडावर जाऊन उपयोग नाही.

बाजूने धरणारी साधी होनिंग गाइड (पातं ठरावीक कोनात धरून ठेवणारं साधन) असेल तर पटाशीचं टोक गाइडच्या पुढे ३० मिमी ठेवलं की ३० अंश, ४० मिमी ठेवलं की २५ अंश. रंध्याचं पातं गाइडमध्ये वरच्या खाचेत बसतं, त्याला ३८ आणि ५० मिमी. एका फळीवर या अंतरांचे ठोकळे चिकटवून टाका, दर वेळी मोजणं संपलं.

दगड घ्यायचे नसतील तर १० मिमी जाडीची काच आणि वॉटर पेपर ४००, १०००, २००० याने सुरुवात होते. कागद लवकर संपतो, धार तीच येते. पाण्याचा दगड मध्ये खोलगट होतो, त्यावर पेन्सिलने जाळी काढून सपाट डायमंड प्लेटवर ती पुसली जाईपर्यंत घासा. आणि बेंच ग्राइंडरवर टोक निळं झालं तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजा. निळा भाग घासून काढल्याशिवाय ती धार टिकणार नाही.

वायर_आणि_खटका

विजेचं थोडक्यात. १४०० वॅटची सॉ आणि १२०० वॅटचा व्हॅक्युम एकत्र चालवला तर २३० व्होल्टवर साधारण ११.३ अँपिअर होतात. म्हणजे १६ अँपिअरचाच सॉकेट, ६चा नाही. एक्स्टेंशनची वायर २.५ चौरस मिमी तांब्याची घ्या. गुंडाळीवरची वायर पूर्ण सोडा, गुंडाळलेली राहिली तर तापते. बारीक आणि लांब वायरीवर मोटरला कमी व्होल्टेज मिळतं, ती ओढत चालते, काप जळतो आणि माणूस पात्याला दोष देतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) असल्याशिवाय ओल्या फरशीवर काम नको.

वीज गेली की पहिलं काम खटका बंद करणं. बऱ्याच स्वस्त यंत्रांत वीज आल्यावर मोटर आपोआप सुरू होते. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असेल तर तो वेळ धारेला आणि आखणीला ठेवा.

लाकूड_आणि_पाऊस

भुशाकडे फक्त झाडण्याचं काम म्हणून बघू नका. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे निश्चित झालेल्या गोष्टींत. एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीत) युरिया फॉर्मल्डिहाइडचा सरस असतो, त्याची धूळ आणखी बारीक. रंध्याच्या ढलप्या त्रास देत नाहीत, सँडरची न दिसणारी धूळ देते. व्हॅक्युम आणि यंत्राच्या मध्ये सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारा शंकू) लावलेली झाकणाची २० लिटरची बादली ठेवा. बहुतेक भुसा बादलीत पडतो, फिल्टर तुंबत नाही आणि ओढ टिकते. झाकण हवाबंद नसेल तर सायक्लोन काम करत नाही, सगळा भुसा थेट फिल्टरवर जातो. बादली मऊ प्लास्टिकची असेल तर नळी तुंबल्याबरोबर ती आत चेपते. घासताना छताचा पंखा बंद, खिडकीतला एक्झॉस्ट चालू, तोंडाला एन ९५.

सँडर व्हॅक्युमला जोडला की पॉलिश पेपरही जास्त टिकतो, कारण धूळ कागदाखाली अडकत नाही. ८०, १२०, १८०, २४० यातला मधला नंबर गाळू नका. ८०चे ओरखडे २४०ने काढायला जास्त वेळ लागतो आणि ते पॉलिशनंतरच दिसतात. पृष्ठभागावर पेन्सिलने हलकी नागमोडी रेघ ओढा, ती पूर्ण गेली की पुढचा नंबर. सँडर दाबू नका, सेकंदाला इंचभर सरकवा.

पुण्यातल्या हवेचं वेगळं बघावं लागतं. एप्रिलची कोरडी दुपार आणि जुलैचा सलग पाऊस यांत लाकडातल्या ओलाव्यात ४-५ टक्क्यांचा फरक सहज पडतो. आडव्या चिराईचा (वाढीच्या कड्यांना समांतर चिरलेला) सागवान ओलाव्याच्या दर टक्क्याला रुंदीच्या ०.१८६ टक्के हलतो. ४०० मिमी रुंद फळी ५ टक्क्यांवर सुमारे ३.७ मिमी. म्हणून दाराची मधली फळी चौकटीत सरसाने कधी पक्की करू नका, खाचेत मोकळी ठेवा. उन्हाळ्यात करत असाल तर दोन्ही बाजूंना २-२ मिमी फुगायला जागा सोडा, पावसाळ्यात करत असाल तर फळी खाचेत जवळजवळ भिडवली तरी चालते. नवीन आणलेलं लाकूड त्याच खोलीत दोन-तीन आठवडे, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या ४५० मिमीवर आणि सगळ्या थरांत एकाखाली एक. पट्ट्या पुढेमागे असल्या तर फळ्या रचतानाच वाकतात.

बाल्कनी_बेंच

भिंतीवर हत्यारं लावायला फ्रेंच क्लीट (एकमेकींत अडकणाऱ्या तिरप्या कडांच्या पट्ट्या) चालेल का? आणि सागवानाचा जोड सुटतो असं ऐकलं, सरस कोणता?

पेठेतला_गुण्या

क्लीट चालेल. १८ मिमी प्लायची १५० मिमी रुंद पट्टी मधोमध ४५ अंशांत चिरा, दोन क्लीट मिळतात. एक भिंतीला, एक हत्याराच्या खोक्याला. पण आधी भिंत कसली आहे ते बघा. विटांच्या भिंतीत साधा ८ मिमी प्लग आणि ५० मिमी स्क्रू पुरतो. नवीन इमारतींत हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधा प्लग भार आला की ओघळत बाहेर येतो. ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन अँकर घ्या आणि भोक ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा भाग) बंद ठेवून पाडा. पूर्ण काँक्रीटच्या भिंतीला एसडीएस ड्रिलशिवाय (जोरदार ठोके देत भोक पाडणाऱ्या ड्रिलशिवाय) हात लावू नका. रोजची हत्यारं म्हणजे गुण्या, मार्किंग गेज, पेन्सिल, दोन पटाश्या, टेप. ही बेंचवरून हात पोहोचेल तिथेच. बाकी माळ्यावर गेली तरी चालतात.

सागवान तेलकट असतो. रंधा मारल्यावर त्याच दिवशी चिकटवा, चिकटवायच्या आधी थिनरने पुसून वाळू द्या. घरातल्या कामाला पांढरा फेविकॉल एसएच, पाण्याजवळ फेविकॉल मरीन. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा. सरस लावण्याआधी सगळं एकदा कोरडं जुळवून, क्लॅम्प त्याच मापाला उघडून ठेवा. सरस लावल्यावर शोधाशोध केली की थरावर साय धरते आणि जोड कच्चा राहतो. क्लॅम्प मारल्याबरोबर दोन्ही कर्ण मोजा, लांब कर्णावर तिरपा क्लॅम्प मारून सरळ करा. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसू नका, पातळ होऊन रेषांत शिरतो आणि पॉलिशखाली पांढरे डाग दिसतात. अर्ध्या तासाने रबरासारखा झाला की बोथट पटाशीने उचला. भार २४ तासांनी.

लाकूड_आणि_पाऊस

भर पावसात चपड्याचं (लाखेचं) पॉलिश करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरकी झाक येते. उघडीप असलेली दुपार निवडा. अळशीचं तेल वापरत असाल तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात ठेवा. पटाश्या आणि रंधे पावसाळाभर हलका तेलाचा हात देऊन बंद पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेल.

नवीन_राऊटर

छोटा ट्रिमर (खाचा पाडायचा हातातला राऊटर) घेतला आहे. बिट चालू असताना हळूहळू बाहेर येतो आणि खाच खोल होत जाते. कॉलेट (बिट पकडणारा चिमटा) कितीही आवळला तरी तेच. मशीन परत करू का?

आडवी_करवत

मशीन परत करण्याआधी बिटच्या दांड्याचं माप कॅलिपरने घ्या. बाजारात ६ मिमी आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, दोन्ही बिट एकाच डब्यात विकले जातात. ६चा दांडा ६.३५च्या कॉलेटमध्ये बसल्यासारखा वाटतो, पण पूर्ण पकडला जात नाही. पुण्यातल्या बोहरी आळीत कॉलेट घेताना मशीन आणि बिट दोन्ही सोबत न्या, मापाचा नेमका कॉलेट मागा, स्लीव्हवर भागवू नका.

माप जुळत असूनही सरकत असेल तर कॉलेट काढून आतला भुसा आणि चिकटा थिनरने साफ करा. बिट तळाला टेकवून २ मिमी वर उचला आणि मग आवळा. तळाला टेकलेला बिट आवळताना कॉलेटबरोबर खाली जाऊ शकत नाही, म्हणून पकड अर्धवट राहते. दांड्यावर गोल ओरखडे पडले असतील तर तो बिट टाकून द्या. आणि ६ मिमीच्या बिटने १० मिमी खोल खाच एका दमात नको, ३ मिमीच्या टप्प्यांनी घ्या.